आगळात धुतलेल्या कॅसेटी

विजयदुर्गाहून आलेल्या दुपारच्या एसटीतून शर्मिला उतरली तेव्हा तिच्या पिशवीत नवी मिळालेली एक जपानी कॅसेट होती, आणि चेहऱ्यावर फार दिवसांनी हसू होतं. ते अंगणापर्यंत टिकलं.

चतुर्थी पाच दिवसांवर आलेली. तुळशीच्या कट्ट्यापाशी सुपात पूजेची भांडी घासून उन्हाला घातली होती. समई, ताम्हन, घंटा, निरांजनं. त्याच्या शेजारी दुसरं सूप, तिसरं सूप, चौथं सूप. आणि त्यांत ओळीने, तांब्याचे दात उन्हाकडे करून मांडलेल्या तिच्या त्रेसष्ट कॅसेटी.

कॅसेटी म्हणजे गाण्यांच्या नव्हेत. टीव्हीला जोडायची जुनी गेमची यंत्रं असतात, त्यांत वरून खोचतात त्या. प्लास्टिकचा जाडसर चौकोन, आणि खाली तांब्याच्या बारीक पट्ट्यांची ओळ. प्रत्येक पट्टीवर सोन्याचा मुलामा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तोच गेला की कॅसेट मुकी.

"इलात, ताई?" भावजय विनीता ओल्या हातांनी बाहेर आली. तिच्या तोंडावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं. "बघा कशी लखलखतत. पट्टे कशे काळे-हिरवे झाले होते. रातभर कोकमाच्या आगळात भिजत घातलंय नि सकाळी राख लावन घासलंय. देवाच्या भांड्यांवांगडाच केलंय."

शर्मिलाने पिशवी पायरीवर ठेवली. सुपातली एक कॅसेट उचलून नाकाशी धरली. सोलांचा आंबट, खारट वास. पट्ट्या खरंच चकाकत होत्या. पण ती चकाकी लाल होती, नवीन कळशीसारखी. सोनेरी नव्हती.

"कशान घासलंस?"

"काथ्यान. तारेच्या घासणीन चरे पडतत, म्हणान मी मुद्दाम..."

"कोणी सांगल्यान तुका?"

"सांगूक कित्याक होया? घर साफ करतंय तर डब्यांत हे मिळाले. पापडाच्या डब्यात तांदळाच्या पुरचुंड्या नि मधी हे. वाटला, तुमी इसरलात."

शर्मिलाने कॅसेट परत सुपात ठेवली. मग जे म्हणाली ते इतक्या हळू म्हणाली की विनीताला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

"माझ्या वस्तूक परत हात लावलंस तर ह्या घरातला मी जेवूचंय नाय."

आणि आत जाता जाता थांबून म्हणाली, "परत कशाक? आजपासूनच."

शर्मिलाचा राग गावाला माहीत होता. सेहेचाळीस वर्षांची बाई, धामापूरच्या अलीकडच्या त्या वाडीत घराच्या पडवीत दुरुस्तीचं दुकान चालवणारी. मिक्सर, इस्त्री, इन्व्हर्टर, काहीही आणा. पण "ताई, जरा लवकर द्या हां" असं म्हणाल तर ती वस्तू तशीच उघडी परत देईल. "घाई असात तर तूच जोड," म्हणेल. लोक हसत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येत, कारण तिच्या हातून गेलेला मिक्सर परत बिघडत नसे.

तो हात कुठून आला, ते सांगायला हवं.

तिचे काका गंगाराम मालवाहू बोटीवर खलाशी होते. शर्मिला अकरा वर्षांची असताना ते कोबे बंदरातून एक लाल-पांढरं यंत्र आणि चार कॅसेटी घेऊन घरी आले. अख्खी वाडी ओटीवर जमली. काकांनी मोठ्या ऐटीत पिन भिंतीत खोचली. जपानची वीज आपल्यापेक्षा निम्म्याहूनही कमी दाबाची, हे बोटीवर अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं. फट्ट झालं, जळका वास सुटला आणि वाडी हसत घरी गेली. यंत्र माळ्यावर गेलं. शर्मिला त्या संध्याकाळी जेवली नाही. तिला एवढंच कळत होतं की त्या कॅसेटीच्या वरच्या चित्रात एक छोटा होडीवाला आहे, होडी लाटेवर आहे, आणि ती लाट हलायची ती हललीच नाही.

दहावी झाल्यावर ती आयटीआयत गेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात ती एकटी मुलगी. सरांनी विचारलं, शिवणकाम का नको, तर म्हणाली, एक यंत्र दुरुस्त करायचंय. दोन वर्षांनी तिने ते माळ्यावरून काढलं. जळला होता तो बाहेरचा अडॅप्टर, आतलं काळीज शाबूत होतं. नवा अडॅप्टर तिने स्वतः जुळवला. जपानी चित्र आपल्या टीव्हीवर उमटेना, म्हणून आतून तारा काढून आखातातून आलेला एक जाड काचेचा टीव्ही मिळवला. ज्या दुपारी होडीवाल्याची लाट हलली, त्या दुपारी गंगारामकाका तिच्या मागे उभे होते. "सात वर्सां लागली रे बाबा लाट येवक," म्हणाले, आणि डोळे पुसत बाहेर गेले.

पुढे हा तिचा नादच झाला. खलाशांच्या घरी, आखातातून परतलेल्यांच्या घरी, खारेपाटणच्या भंगारात, जिथे जुनी कॅसेट असल्याचं कानावर येई तिथे ती हत्यारांची पिशवी घेऊन जायची. पैसे देत नसे, घेत नसे. तुमचा पंखा करून देते, ती कॅसेट मला द्या. विजयदुर्गालाही ती त्याचसाठी गेली होती. एका बोटीवाल्याच्या विधवेकडे तीन दिवस राहून घरातला इन्व्हर्टर, मिक्सर आणि देवघरातली दिव्यांची माळ दुरुस्त केली आणि एक कॅसेट घेऊन आली.

तिला बघायला आलेल्या एका घरच्या मंडळींनी ओळीने लावलेले डबे पाहून विचारलं होतं, लग्नानंतरही हे चालणार का. तिने विचारलं, तुमच्या मुलाचं क्रिकेट चालणार का. चहा तसाच राहिला.

समुद्राची हवा तांब्याला खाते. म्हणून ती उकडे तांदूळ तव्यावर कडक भाजायची, गार झाले की सुती फडक्यात पुरचुंड्या बांधायची आणि कॅसेटींच्या मध्ये ठेवायची. तांदूळ दमट ओढून घेतात. दर अमावास्येला नवे तांदूळ. पट्ट्या काळ्या झाल्या तर शाळेतला खोडरबर आणि थोडं स्पिरिट, एवढंच, तेही हलक्या हाताने, एका दिशेने. अठ्ठावीस वर्षं हे व्रत तिने एकदाही मोडलं नव्हतं. आणि आगळाने ते एका रात्रीत मोडलं.

पुढचे दोन दिवस ती पडवीतून बाहेर आली नाही. एकेक कॅसेट उघडली, आत गेलेलं पाणी टिपलं, वाळवली, यंत्रात खोचून पाहिली. चालली तर डावीकडे. नाही चालली तर उजवीकडे. तिसऱ्या दिवशी उजवीकडे बावीस होत्या. बाविसावी होडीवाला. टीव्हीवर नुसता करडा पडदा, त्यावर मधूनच एक आडवी रेघ.

भाऊ जितेंद्र दारात येऊन उभा राहिला.

"बाय, एकेचाळीस चलतत मां? मगे?"

"तुका दोन पोरां असती नि एक चलणारा असता तर?"

"असा काय बोलतंस गो. कॅसेट ती. विनीतान काय मुद्दाम केल्यान? देवाच्या ताम्हनासारखी घासल्यान, आणि काय मान देवचो?"

"इचारूचो," शर्मिला म्हणाली. "आधी इचारूचो. तुझी मोटारसायकल मी आगळात भिजत घातलंय तर मान म्हणशीत?"

जितेंद्र हसला. हसायला नको होतं. तिने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला तसा तो निघून गेला.

तिची चूल पडवीतच लागली. शेगडीवर पेज, बरोबर लोणच्याची फोड. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपती आला, आणि ज्या घरात शर्मिलाचा आवाज आरतीला सगळ्यांच्या वर असायचा, त्या घरात ती आरतीच्या वेळी मागे उंबऱ्याशी उभी राहिली. टाळ वाजवला. तोंड उघडलं नाही. देवाशी तिचं भांडण नव्हतं. पण देवासमोर उभ्या असलेल्यांशी होतं.

दुसऱ्या दिवशी मोदक झाल्यावर जितेंद्रने एक खोकं तिच्यासमोर ठेवलं. तोंडावर असा भाव, की आता मिटलं.

"उघड."

आत तळहाताएवढी काळी डबी होती आणि दोन रिमोट.

"धा हजार गेम आसत हेच्यात," जितेंद्र म्हणाला. "टीव्हीक लाव नि बस. फुंकूक नको, घासूक नको, तांदूळ नको. तुझ्या त्रेसष्टांचो बापूस."

शर्मिलाने डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. विनीता दारामागे उभी होती. भाकरीच्या पिठाचे हात तसेच. तिला वाटत होतं, घे गो बाई, एकदा घे आणि जेवायला आत ये.

"बस हयसर," शर्मिला भावाला म्हणाली.

तिने डबी लावली. यादी उघडली. खाली जाता जाता म्हणाली, "हे बघ. बेडूक. हो परत बेडूक. ह्यो निळो बेडूक, तोच. ह्योच उलटो. धा हजार म्हणजे पन्नास, दोनशे खेपेक." मग एक गेम उघडला, जो तिच्याकडे खराही होता आणि आगळातून वाचला होता. त्याचं जपानी नाव तिला वाचता येत नव्हतं. ती त्याला मडकी म्हणायची. एक माणूस एका मडक्यावरून दुसऱ्या मडक्यावर उड्या मारत नदी ओलांडतो.

"खेळ."

जितेंद्रने रिमोट घेतला. दोन मडकी, तीन मडकी, चौथ्याला माणूस पाण्यात. पुन्हा. चौथ्याला पाण्यात. पुन्हा. पाण्यात.

"माझो हात बसलेलो नाय."

"बरा." तिने तारा बदलल्या, जाड काचेचा टीव्ही लावला, लाल-पांढऱ्या यंत्रात खरी कॅसेट खोचली. "आता खेळ."

तीन मडकी, चार, पाच, आठ. नवव्याला पडला.

"हात दोनी खेपेक तुझोच आसा," शर्मिला म्हणाली. "तुझ्या डबीत बटण दाबला की उडी मागसून येता. डोळो मिटान उघडूक लागता तितकोच येळ. पण तितक्यात माणूस बुडता. नि तुका वाटता, तूच नालायक." तिचा आवाज आता चढत होता. "खऱ्यात मेलंस तर तुझ्या चुकीन मेलंस. तुका कळता, खंय चुकलंय. हेच्यात मेलंस तर दुसऱ्याच्या चुकीन, नि कोणाक इचारूचा?"

जितेंद्रने रिमोट खाली ठेवला.

"हो गेम ज्यांनी केल्यानी ना, तेंका ठावक होता, एकदा कॅसेट भरून इकली की परत हात लावूक गावचो नाय. मागसून सुधारूया, असा नव्हता. मोदक बघ. कळी नीट मुरडली नाय नि उकडूक ठेवलंस तर आत फुटता. मगे झाकण काढून दुरुस्त करतंस? म्हणान तेंनी पाऱ्या नीट केल्यानी. इतक्याशा जागेत. आज तुझ्या मोबाइलात एक गेम उतरलो की तेचो पाय मोडलेलो, दर आठवड्याक पट्टी बांधूक बोलावता, वर जाहिरात बघ म्हणता. नि तू माका सांगतंस धा हजार."

तिने डबीच्या तारा गुंडाळल्या, डबी खोक्यात घातली, खोकं भावाच्या मांडीवर ठेवलं.

"माझ्या बावीस मेल्या. तेची भरपाई म्हणान कचऱ्याची गोण हाडलंस. विनीतान तरी घासली ती माझीच घासल्यान. तू तर तेंकाच फेकूक सांगतंस."

दारामागे विनीताने हे ऐकलं. इतक्या दिवसांत तिच्या नावाने निघालेलं, शिवी नसलेलं हे पहिलं वाक्य होतं. ती आत जाऊन भाकरी थापू लागली आणि एका भाकरीची कड तुटली.

पाचव्या दिवशी विसर्जन. गणपती हलवण्याआधी अंगणात पाटावर ठेवला, घरची नऊ माणसं हात जोडून उभी राहिली आणि गंगारामकाका गाऱ्हाणं घालायला पुढे आले. घरातलं वडील माणूस देवापुढे घराच्या वतीने बोलतं. चुका सांगतं, मागणी मागतं, आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एका सुरात होय म्हणायचं असतं. काका ब्याऐंशीचे, आवाज फाटका, पण गाऱ्हाण्याला तो कुठून तरी भरून यायचा.

"बा गणपती म्हाराजा, पाच दीस तू ह्या घरात रवलंस, गोड मानून घेतलंस."

"होय म्हाराजा."

"गावकर-भावबंद, सुना-लेकी, जी पोरां मुंबयक आसत ती, सगळ्यांका सुखाचा ठेव."

"होय म्हाराजा."

"आमच्या हातसून काय चुकला-माकला, घरात खेळणी-बिळणी मोडली, तेच्यावरसून कोणाच्या मनात राग आसात, तर तो तू तुझ्यावांगडा पाण्यात घेवन जा."

"होय म्हाराजा."

काका थांबले. पुढचं वाक्य आलं नाही. त्यांनी मान कलती केली, जशी ते बोटीवर असताना इंजिनाचा आवाज ऐकायला करत असतील.

"काका, पुढे," जितेंद्र हळूच म्हणाला. "नदीर गर्दी होतली."

"एक होय कमी पडलो," काका म्हणाले.

सगळ्यांनी जमिनीकडे बघितलं. कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाऱ्हाण्यातला होय म्हणजे घराची सही. एक कमी असताना देव उचलायचा नाही, ही त्या घरची रीत.

"शर्मिला," काका म्हणाले.

"खेळणी मोडली नाय, काका," ती म्हणाली. हात जोडलेलेच होते. "तुमका ठावक आसा. देवाक तरी खरा सांगा. मी खोट्याक होय म्हणूचंय नाय."

काकांनी हात पुन्हा जोडले. मग त्यांनी देवाकडे तोंड फिरवलं. या वेळी ते सावकाश बोलले, शब्द शोधत, कारण हे वाक्य त्यांना पाठ नव्हतं.

"बा म्हाराजा. मी बोटीवरसून एक यंत्र हाडलंय नि पयल्याच राती जाळलंय. लोक हसले. ह्या चेडवान सात वर्सां थांबान, शिकान, तेका जिता केल्यान. मगे अठ्ठावीस वर्सां एकेक कॅसेट दुसऱ्यांची कामां करून मिळवल्यान नि तांदळात सांभाळल्यान. ती तिची मिळकत. खेळणी नव्हती. ह्या घरान तिका न इचारता तेंका हात लावल्यान. बावीस गेल्या. मी हाडलंय तो होडीवालोय गेलो. ही चूक सुनेची एकटीची नाय. तिका सांगूक कोण नव्हता, कारण आमी कोणीच इतक्या वर्सांत इचारूक नाय त्या डब्यांत काय आसा. चूक घराची."

पहिला आवाज विनीताचा आला. "होय म्हाराजा." मागून जितेंद्र, खाली बघून. मग बाकीचे.

सगळ्यांच्या शेवटी, एकटीचा, शर्मिलाचा होय आला. त्यात माफी नव्हती. ऐकलं, बरोबर आहे, एवढंच होतं. आणि मनातला राग पाण्यात घेऊन जा, हे काकांनी पुन्हा म्हटलं नाही. ते वाक्य त्यांनी गाळलं. देव उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्मिला पडवीत बसून मेलेल्या बावीस कॅसेटी एका वेगळ्या डब्यात भरत होती. होडीवाला तिने सर्वांत वर ठेवला. फेकणार नव्हती. डब्याला कडी होती आणि कडीत आता नवं कुलूप होतं, किल्ली तिच्या मंगळवारच्या उपासाच्या काळ्या दोऱ्याला गळ्यात. विजयदुर्गची कॅसेट पिशवीतून अजून काढली नव्हती.

दारात सावली पडली. विनीता परात घेऊन उभी होती. परातीत भाजलेले उकडे तांदूळ, अजून गरम.

"अमावास्येक नऊ दीस झाले. तुमी भाजूक नाय," ती म्हणाली. "मी भाजलंय. इचारून ठेवतंय. जमले काय बघा."

शर्मिलाने वर पाहिलं नाही. हात लांब करून परातीतून चार दाणे उचलले, दाढेखाली धरले. कुरकुरले नाहीत. आतून मऊ लागले.

"कच्चे आसत," ती म्हणाली. "परत भाज."

विनीता परात घेऊन परत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तव्यावर तांदूळ हलवल्याचा आवाज येऊ लागला. शर्मिला ऐकत होती. आच मोठी होती.

"बारीक कर," ती पडवीतूनच ओरडली. "करपतले."